वनहक्क कायदा आणि भूमिहीन वननिवासी कुटुंबे : कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात एक आकलन

प्रस्तावना :
जमीन हे ग्रामीण भागात केवळ उत्पादनाचे साधन नसून प्रतिष्ठेचा आणि पतीचाही आधार असते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतने खालसा करून त्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावे रयतावा केल्या, तेव्हा वेठबिगारीतून मुक्ती आणि जमिनीची मालकी यांतील नाते करवीर संस्थानात स्पष्ट झाले होते. जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित राहिला. वहिवाट त्यांची, पण सातबारा वनखात्याचा, अशी ही स्थिती होती.

कायद्याचे स्वरूप :
अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम २००६ मध्ये संमत झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेली, प्रत्यक्ष कसलेली, कमाल ४ हेक्टर जमीन त्यानुसार मान्य होते. हा हक्क वारसाने मिळतो, परंतु विकता येत नाही. विवाहितांच्या बाबतीत तो पती व पत्नी दोघांच्या नावे नोंदविला जातो. सावकाराच्या हाती जमीन जाऊ नये आणि स्त्रीचा हक्क कागदावर यावा, हे दोन्ही हेतू येथे साधले जातात. वैयक्तिक हक्कांबरोबरच चराई, गौण वनोपज आणि वनव्यवस्थापनाचे सामूहिक हक्कही कायद्याने मान्य केले आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातील प्रश्न :
कोल्हापूर जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही आणि अनुसूचित जमातींची लोकसंख्याही अत्यल्प आहे. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, चंदगड या तालुक्यांतील डोंगरमाथ्यावरचे धनगरवाडे हे येथील वननिवासी जीवनाचे ठळक उदाहरण होय. गवळी-धनगर समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींत मोडत नसल्याने त्याला ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो. त्यासाठी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करणे आवश्यक असते.

येथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे. ७५ वर्षांची अट वास्तव्यासाठी आहे, विशिष्ट जमिनीच्या ताब्यासाठी नाही. शिवाय कागदोपत्री नोंद हाच एकमेव पुरावा नव्हे. वयोवृद्धांचे लेखी जबाब, जुनी घरे, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांनाही नियमांनी पुरावा मानले आहे. शाळेची पायरी न चढलेल्या, दस्तऐवज न सांभाळलेल्या पिढ्यांसाठी ही तरतूद निर्णायक ठरते. ती ठाऊक नसल्यास पात्र कुटुंबही हक्काला मुकते.

दुसरी अडचण ग्रामसभेची आहे. दाव्याची प्रक्रिया ग्रामसभेपासून सुरू होते; परंतु मोठ्या गावाच्या सभेत दूरच्या वाड्यावरील मोजक्या घरांचा आवाज क्षीण होतो. २०१२ च्या सुधारित नियमांनी अशा वाड्या-वस्त्यांची यादी करून त्यांना या कायद्यापुरते गाव मानण्याचा मार्ग खुला केला आहे.

जमिनीकडून उपजीविकेकडे :
जमिनीचा तुकडा मिळाल्याने दारिद्र्य आपोआप संपत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ साल उजाडले. त्यानंतरच बांबूचे उत्पन्न ग्रामसभेकडे येऊ लागले. हक्क आणि बाजारपेठ यांच्यामध्ये प्रशासनाचा एक दरवाजा असतो, हे या उदाहरणावरून दिसते.

पशुपालनावर जगणाऱ्या धनगरवाड्यांसाठी ४ हेक्टरांच्या पट्ट्याइतकाच चराईचा सामूहिक हक्क मोलाचा आहे. तसेच कलम ३(२) नुसार रस्ता, शाळा, अंगणवाडी, पिण्याचे पाणी अशा सोयींसाठी, ग्रामसभेच्या शिफारशीने, प्रत्येक कामास १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन उपलब्ध होऊ शकते. रस्ता झाल्याशिवाय दूध डेअरीपर्यंत आणि रुग्ण दवाखान्यापर्यंत वेळेत पोहोचत नाही. म्हणून ही तरतूद आर्थिक संधीचीच पूर्वअट ठरते.

समारोप :
वनहक्क कायदा जमीन दान देत नाही. आधीपासून असलेल्या हक्काला तो मान्यता देतो. ही मान्यता दुबळ्या कुटुंबापर्यंत पोहोचण्यासाठी पुराव्यांचे संकलन, नकाशे आणि दाव्यांचे लेखन यांत साहाय्य आवश्यक आहे. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भूगोल, समाजशास्त्र व इतिहास विभागांना तसेच राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे. वयोवृद्धांची साक्ष हाच जेथे मुख्य पुरावा आहे, तेथे विलंब म्हणजे पुराव्याचाच नाश होय.