रेवाचं गाणं, चाळिशीनंतर

‘इंडियन ओशन’ हे नाव वाचून काहीजणींना भूगोलाचा तास आठवेल. पण २००० च्या आसपास ज्या कॉलेजात होत्या, त्यांच्यापैकी कुणाकडे तरी ‘कंदिसा’ची कॅसेट नक्की असेल. हॉस्टेलवरच्या मैत्रिणीची आणलेली, परत न दिलेली!

दिल्लीचा हा बँड १९९० मध्ये सुरू झाला. सुश्मित सेनची गिटार, राहुल रामची बेस गिटार, अमित किलमचे ड्रम्स आणि खाली मांडी घालून तबला वाजवता वाजवताच गाणारे अशीम चक्रवर्ती. लोकगीत, राग, रॉक, जॅझ, सगळंच त्यात. ‘कंदिसा’ हे गाणं तर केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांच्या जुन्या प्रार्थनेवरून आलेलं. शब्द कळत नाहीत, तरी हात आपोआप जोडले जातात.

विशीत आपल्याला धृपद हवं असतं, लगेच गुणगुणता येईल असं. त्यामुळे तेव्हा बहुतेकींना आवडलं ते ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटातलं ‘बंदे’. ‘लीव्हिंग होम’सारखी शब्द नसलेली रचना लागली की बटण पुढे. आमच्या जाऊबाई अजून विचारतात, “आवो, पन गानं केव्हा सुरू होते?”

वाद्यांनाच बोलू देणारं, हळूहळू चढत जाणारं हे रॉक संगीत. त्याच्या एका प्रकाराला जाणकार ‘पोस्ट-रॉक’ म्हणतात. सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाने १९९४ मध्ये हा शब्द रूढ केला. इंडियन ओशन त्या डब्यात पुरतं मावत नाही. आणि खरं सांगू का, आपल्याला त्या शब्दाची गरजही नाही. गुरुकुंज मोझरीला खंजिरीवरचं भजन ज्यांनी ऐकलंय, त्यांना एकच ओळ घोळवत घोळवत लय कशी चढते ते कुणी शिकवायला नको. चाळिशीत कान त्या चढण्याची वाट बघू लागतात. मुलं शिकायला पुण्याला गेलेली असतात, दुपारी घरात आपण एकट्याच, आणि आठ मिनिटांचं गाणं लांबलचक वाटत नाही.

मला स्वतःला पुन्हा ओढून नेलं ते ‘मा रेवा’नं. रेवा म्हणजे नर्मदा. आपल्याकडे परिक्रमेला जाऊन आलेली एखादी मावशी-काकू घरोघरी असते. पूर्वी अकोल्याहून मीटरगेज गाडीनं खंडव्याकडे निघालं की पुढे ओंकारेश्वर रोडला नर्मदेचं दर्शन व्हायचं. त्यामुळे हे नर्मदेचं स्तवन आहे, भक्तीचं गाणं आहे, एवढंच वीस वर्षं डोक्यात होतं. ते तसं आहेच. पण राहुल राम हे गाणं खोऱ्यातूनच घेऊन आले, हे पुष्कळ उशिरा वाचलं. अमेरिकेत डॉक्टरेट करून आलेला हा माणूस नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. सरदार सरोवरात आपल्या महाराष्ट्रातली, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली. मणिबेली त्यातलं पहिलं. २०१९ मध्ये ते धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं.

हे कळल्यावर तेच गाणं लावलं. चाल तीच, ठेका तोच. पण ज्या काठावर ते गायलं जायचं, तिथले कितीतरी काठ आता पाण्याखाली आहेत, हे मनातून जाईना. हातातलं काम थांबलं. अमरावतीत आमच्या नळाला येतं ते सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी. त्याच्याही पोटात गावं आहेतच की! तिथल्या बायका जात्यावर, लग्नात काय गात असतील? ती गाणी कुणी कुठल्या कॅसेटवर घेतली?

अशीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले. सुश्मित सेन २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले. नव्या गायक-वादकांना घेऊन बँड वाजवतो आहे, छानच वाजवतो. तरी अशीमदांचा तो भरदार, किंचित खरखरीत आवाज जुन्या ध्वनिमुद्रणातच ऐकावा लागतो.

मोबाईलवर हे सगळं सापडतं. आधी ‘मा रेवा’ लावा, मग ‘कंदिसा’. ‘लीव्हिंग होम’ मात्र कुकरच्या शिट्ट्या संपल्यावर.