शब्दांना फक्त सात टक्के?

नेतृत्वविकासाच्या शिबिरात चहानंतरच्या सत्राला पडद्यावर हमखास एक रंगीत वर्तुळ उमटतं. देहबोली ५५ टक्के, आवाज ३८ टक्के आणि शब्द फक्त ७ टक्के. समोर बसलेले मुख्याध्यापक, पतसंस्थेचे संचालक, नव्यानं निवडून आलेल्या सरपंचताई, कंपनीतले टीम लीडर हे आकडे वहीत उतरवून घेतात. मग पुढचे दोन तास खांदे कसे ठेवावेत, नजर कुठे रोखावी, नमस्कार करताना किती वाकावं याचा सराव चालतो. तुम्ही बोलणार काय आहात, तुम्हाला हवंय काय, हे कुणी विचारत नाही. विचारतील तरी कशाला? सातच टक्के तर आहेत ते!

हे वर्तुळ इतक्या ठिकाणी आणि इतक्या ऐटीत मिरवलेलं पाहिलंय की आता ते दिसलं की माझे हात शिवशिवतात. आकडे कुणी मनानं रचलेले नाहीत, हीच त्यातली मेख आहे. ते खऱ्या संशोधनातून आलेत. फक्त त्या संशोधनाचा भाषणाशी किंवा नेतृत्वाशी काडीचाही संबंध नाही.

ते संशोधन काय होतं ते एकदा नीट पाहू. अल्बर्ट मेहराबियन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस इथल्या शाखेतले मानसशास्त्रज्ञ. १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध केले. पहिल्या प्रयोगात काही सुटे शब्द होते. त्यांतले काही आपुलकीचे, काही तटस्थ, काही नावडीचे. ते वेगवेगळ्या सुरांत म्हणून ध्वनिमुद्रित केले आणि बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, हे ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. दुसऱ्या प्रयोगात तर एकच शब्द होता, ‘मेबी’. म्हणजे आपलं ‘कदाचित’. तो तीन सुरांत म्हटलेला आणि जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रं. शब्द एक सांगतोय, सूर दुसरंच आणि चेहरा तिसरंच, अशा वेळी माणूस कशावर भरवसा ठेवतो, एवढाच प्रश्न होता. उत्तर अपेक्षित तेच आलं. आधी चेहरा, मग सूर, शब्द सर्वांत शेवटी. दोन्ही प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून मेहराबियन यांनी ७, ३८ आणि ५५ चं समीकरण मांडलं.

आपल्या घरात हे रोज घडतं. स्वयंपाकघरातून डबे आपटल्याचा आवाज येतोय आणि पाठोपाठ ‘मी कुठे रागावलेय?’ हे वाक्य येतं, तेव्हा त्या वाक्यावर कोण विश्वास ठेवतो? मेहराबियन मोजत होते ते हे. मनातली भावना आणि तोंडातला शब्द यांचा मेळ बसत नसेल तरच ते आकडे लागू पडतात. तिथे एकही भाषण नव्हतं. भाषण कशाला, धड एक पूर्ण वाक्यही नव्हतं. हातवारे, पेहराव, उभं राहण्याची ढब यातलं काहीही तपासलेलं नव्हतं. म्हणजे वर्तुळातली ती ५५ टक्के ‘देहबोली’ प्रत्यक्षात निव्वळ चेहऱ्याच्या फोटोंची आहे. आपलं समीकरण भावना आणि आवडनिवड यांच्यापुरतं आहे, इतरत्र लावू नका, असं खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. शिबिरं घेणाऱ्यांना ते वाचायला सवड झालेली दिसत नाही.

एवढं सांगूनही पटत नसेल, तर उद्यापासून नळाला पाणी किती दिवसांआड आणि किती वाजता येणार, हे ग्रामसभेत भुवया उंचावून सांगून पाहा. ९३ टक्के लोकांना कळलं तर मला बोलवा.

एक आकडा चुकीचा शिकवला तर एवढं चिडायचं काय, असं कुणी म्हणेल. चिडायचं एवढ्यासाठी की या आकड्यानं प्रभाव आणि छाप यांची गल्लत केलीय. छाप पाच मिनिटांत पाडता येते आणि तितक्याच वेळात पुसली जाते. शिवाय ज्यांच्याकडे भारदस्त आवाज नाही, सभेत उभं राहिलं की ज्यांचे पाय थरथरतात, ती माणसं या वर्तुळाकडे बघून ‘हे आपलं काम नाही’ असं ठरवून मोकळी होतात. यात नुकसान त्यांचं कमी, गावाचं आणि संस्थेचं जास्त.

मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिल्यावर तोंडातून शब्द न फुटल्यानं मटकन खाली बसलेले आणि अशिलाला फी परत करणारे तरुण बॅरिस्टर मोहनदास गांधी होते. हा प्रसंग त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितलाय. पण गांधींचं उदाहरण दिलं की लोक ‘ते महात्मा होते’ म्हणून सोडून देतात. म्हणून घरच्या माणसाकडे वळू.

धोंडो केशव कर्वे हे मुरुडचे, गणिताचे प्राध्यापक. स्वभाव लाजाळू, बोलणं जेमतेम. १८९१ मध्ये ते फर्ग्युसनमध्ये आले, तेही टिळकांनी सोडलेली गणिताची जागा भरायला. टिळकांनंतर वर्गात उभं राहायचं म्हणजे तुलना अटळ. वक्ता म्हणून कर्व्यांचं नाव त्या काळात कुणी घेतलं नसतं. पण विधवांना माणूस म्हणून जगता आलं पाहिजे, याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नव्हता. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. त्याच पुढे आनंदीबाई झाल्या. विधवाविवाहावर व्याख्यानं देणारे तेव्हा पुण्यात कमी नव्हते. स्वतःवर वेळ आल्यावर कुमारिकेशी लग्न करणारेही कमी नव्हते. मुरुडनं कर्व्यांवर बहिष्कार टाकला आणि स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरात जाणं त्यांना मुश्कील झालं.

पुढे १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि काही वर्षांत तो हिंगण्याच्या माळावर नेला. कॉलेजातले तास संपवून हा गणिताचा प्राध्यापक चिखल तुडवत हिंगण्याला जाई. घरच्या ओढाताणीबद्दल आनंदीबाईंनी ‘माझे पुराण’मध्ये मोकळेपणानं लिहिलंय. ते वाचताना कर्व्यांच्या निष्ठेची किंमत घरातल्या बाईनं किती मोजली, हेही कळतं. अशा चरित्रांतला हा भाग सहसा गाळला जातो. तो गाळू नये.

यानंतरचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९१५ मध्ये मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून ती त्यांच्या मनात पक्की झाली होती. १९१६ मध्ये विद्यापीठ सुरू झालं, तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. चार वर्षांनी, १९२० मध्ये, सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी या विद्यापीठाला १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्रींचं, नाथीबाईंचं नाव त्याला मिळालं. आजचं एसएनडीटी ते हेच. त्या काळातले १५ लाख रुपये कर्व्यांचे खांदे ताठ होते म्हणून मिळाले का? पंचवीस वर्षं हा माणूस एकच गोष्ट बोलत आला होता आणि तीच करत आला होता. पैसे देणाऱ्याला याहून वेगळं तारण कशाला हवं?

आता थोडं संशोधनाकडे, कारण ‘ही जुनी माणसं, जुना काळ’ असं म्हणणारे असतातच. टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये स्वभाव आणि नेतृत्व यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात बोलक्या, बहिर्मुख स्वभावाचा नेतृत्वाशी संबंध आढळला, हे मान्य करायलाच हवं. पण बारकाईनं पाहिलं तर हा संबंध ‘नेता म्हणून कुणाकडे बोट दाखवलं जातं’ याच्याशी जास्त आणि ‘नेता म्हणून कोण चांगलं काम करतं’ याच्याशी कमी आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर जोरात बोलणाऱ्याला खुर्ची लवकर मिळते. खुर्चीवर बसल्यावरचं सगळं त्या आवाजावर ठरत नाही.

मग कशावर ठरतं? टोनी सायमन्स या अभ्यासकानं अमेरिका आणि कॅनडातल्या ‘हॉलिडे इन’च्या ७६ हॉटेलांत सहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना साधे प्रश्न विचारले. तुमचा व्यवस्थापक दिलेला शब्द पाळतो का? जे सांगतो तसंच वागतो का? उत्तरं पाचपैकी गुणांत मोजली. या गुणांत अवघ्या एक अष्टमांशाची वाढ असलेल्या हॉटेलांचा नफा त्यांच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांनी जास्त निघाला. हा अभ्यास २००२ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त आला. व्यवस्थापकाची जी जी बाजू सायमन्सनी तपासली, तीत नफ्यावर एवढा परिणाम दुसऱ्या कशाचाच दिसला नाही. शब्दाला किंमत सात टक्के नसून त्याच्या मागच्या वागण्याएवढी असते, हे सांगायला याहून रोकडा पुरावा मला तरी माहीत नाही.

वक्तृत्व निरुपयोगी आहे असं मात्र यातून कुणी काढू नये. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांच्या सभांनी काय केलं, हे मराठी माणसाला सांगायला नको. पण अत्रे बोलत होते ते लोकांच्या मनातलं आणि एका नेमक्या मागणीसाठी. मागणी नसती तर त्या सभांत करमणूक तेवढी झाली असती.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू.

‘नेता जन्मावा लागतो.’ अमेरिकेतल्या मिनेसोटामधल्या जुळ्या पुरुषांच्या २००६ च्या अभ्यासात नेतृत्वाच्या जागांवर पोहोचण्यातला सुमारे ३० टक्के फरक आनुवंशिक घटकांशी जोडता आला. उरलेला मोठा हिस्सा परिस्थिती, संधी आणि अनुभव यांचा. रक्ताचा दाखला मागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘मूल्यं लिहून भिंतीवर लावली की काम झालं.’ एन्रॉननं आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही चार मूल्यं मिरवली होती आणि कर्मचाऱ्यांसाठी ६४ पानांची आचारसंहिता छापली होती. डिसेंबर २००१ मध्ये हिशेबांतल्या लबाड्यांसह कंपनी कोसळली. ही तीच एन्रॉन, जिच्या दाभोळ प्रकल्पाच्या विजेच्या दरावरून महाराष्ट्रात वर्षानुवर्षं रान पेटलं होतं.

‘दूरदृष्टी म्हणजे भव्य स्वप्न.’ हिवरे बाजारला जाऊन या. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा नगर जिल्ह्यातलं हे गाव दुष्काळ, दारू आणि स्थलांतरानं खिळखिळं झालेलं होतं. ‘आदर्श गाव’ हे शब्द नंतरचे. आधी आली कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि श्रमदान. मग शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, ऊस आणि केळी लावायची नाही, असे नियम. पाऊस किती पडला ते मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावर पिकं ठरवायची. यातलं प्रत्येक कलम कुणाच्या ना कुणाच्या पोटावर येणारं होतं. दूरदृष्टी लोकांना कळते ती अशी, काय करायचं नाही हे नेमकं सांगितल्यावर.

‘पद आलं की वजन येतं.’ पदानं सही येते. गाडगेबाबांकडे कुठलं पद होतं?

‘मूल्यांवर ठाम म्हणजे प्रत्येक व्यासपीठावर सगळंच बोलायचं.’ कर्व्यांनी आश्रम आणि पुनर्विवाहाचा प्रचार ही दोन कामं वेगळी ठेवली, म्हणजे पुनर्विवाह न पटणाऱ्यांनाही विधवांच्या शिक्षणाला मदत करता यावी. काही सुधारकांना ती कचखाऊ वृत्ती वाटली. मला ते धोरण वाटतं, कारण स्वतःच्या लग्नाबद्दल त्यांनी कधीच सारवासारव केली नाही.

‘स्पष्ट मूल्यं असलेला नेता चांगलाच असतो.’ नाही. हिटलरकडे स्पष्टतेची कमी नव्हती. प्रभाव कसा तयार होतो हे एक, तो कशासाठी वापरला जातो हे निराळं, आणि दुसरा प्रश्न अनुयायांनी स्वतः विचारायचा असतो.

तेव्हा पुढचं शिबिर ठरवणाऱ्या संस्थाचालकांना एक विनंती. देहबोलीच्या सत्राचे दोन तास कापा आणि त्या वेळात प्रत्येकाला एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायला लावा. गेल्या वर्षभरात तुम्ही एखाद्या तत्त्वासाठी पैसा, मतं, बढती किंवा मैत्री यांपैकी काय सोडलंत? कागद कोरा राहिला तरी हरकत नाही. निदान शिबिराची सुरुवात कुठून करायची ते कळेल.