मेकॅनिकची टूल-ट्रॉली : मांडणीचा व्याकरणविचार

मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात हत्यारांची जी चाकांवरची गाडी असते तिला तेथील लोक 'ट्रॉली' म्हणतात. तिची ठेवण साधी असते. एकावर एक असे पाच ते सात खण, वर हत्यारे तात्पुरती ठेवण्यासाठी सपाट पृष्ठ आणि खाली चार चाके. त्यांपैकी दोन स्थिर व दोन वळणारी, वळणाऱ्यांना बहुधा अडकण. या गाडीत दीडदोनशे वस्तू सहज मावतात. त्या कोठे ठेवाव्यात हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा वाटतो. परंतु तो खरोखर वर्गीकरणाचा प्रश्न आहे, आणि कोशकार, वैयाकरण व ग्रंथपाल यांना जो पेच सोडवावा लागतो तोच येथे लोखंडी रूपात उभा राहतो. म्हणून भाषाभ्यासकाने या गाडीकडे लक्ष देणे अप्रस्तुत ठरू नये.

१. नाव आणि अंक

मांडणीचा विचार करण्यापूर्वी नावांचा विचार केला पाहिजे. कारखान्यात 'पाना' हे जातिवाचक नाम आहे, परंतु नुसता पाना कोणी मागत नाही. मिस्त्री हेल्परला 'बारा-तेरा दे' असे म्हणतो. मराठीच्या सामान्य व्यवहारात 'बारा-तेरा' हा समास अंदाज सुचवितो : बारा-तेरा माणसे म्हणजे सुमारे तितकी माणसे. कारखान्यात मात्र तोच समास पूर्ण निश्चिती सुचवितो. ज्याचे एक तोंड १२ मिलिमीटरचे व दुसरे १३ मिलिमीटरचे आहे असा विशिष्ट पाना, एवढाच त्याचा अर्थ. दुतोंडी पान्यांच्या प्रचलित संचात ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९ अशी ही मालिका चालते. एकच शब्दरूप एका व्यवहारात संदिग्ध व दुसऱ्या व्यवहारात काटेकोर कसे होते याचे हे उत्तम उदाहरण होय.

अंक कशाचा वाचक आहे हाही प्रश्न उपस्थित होतो. मेट्रिक पान्यावरील अंक नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर दाखवितो. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली सुचविलेल्या आट्यांच्या इंग्रजी पद्धतीत मात्र पान्यावरील अंक बोल्टच्या दांडीचा व्यास दाखवीत असे. त्यामुळे पाव इंचाचा व्हिटवर्थ पाना हातात घेतला तर त्याचे तोंड अर्ध्या इंचाहूनही थोडे मोठे भरते. चिन्ह तेच, परंतु वाच्य निराळे. भारतात १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली. तरी जुन्या इंग्रजी बनावटीच्या वाहनांवर काम करणाऱ्यास दोन्ही 'भाषा' अवगत असाव्या लागतात. अशा कारखान्यात या दोन पद्धतींचे पाने एकाच खणात मिसळणे हा पहिला दोष. चुकीच्या पद्धतीचा पाना जवळजवळ बसतो, आणि जवळजवळ बसणारा पानाच नटाचे कोपरे गोल करून टाकतो.

हत्याराचे पूर्ण नाव एका अंकाने भागत नाही. गोटीचे, म्हणजे सॉकेटचे, उदाहरण घ्यावे. तिचे माप मिलिमीटरमध्ये सांगतात, परंतु दांडा जेथे बसतो तो चौकोन अद्यापि इंचांत, म्हणजे पाव, तीन-अष्टमांश व अर्धा असा सांगितला जातो. इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत. त्या हिशेबाने हे चौकोन दोन, तीन व चार सुतांचे होत. शिवाय गोटी आखूड की लांब, सहा कोनांची की बारा कोनांची, हाताने फिरविण्याची की हवेच्या बंदुकीवर चालविण्याची, हे भेद राहतातच. यांतील शेवटचा भेद जिवावर बेतू शकतो. हातकामाची चकचकीत क्रोमची गोटी बंदुकीच्या आघाताने फुटून तिचे तुकडे उडू शकतात. म्हणून आघात सोसणाऱ्या गोट्या बहुधा काळ्या असतात व त्या स्वतंत्र ठेवतात. ध्वनिविचारात ज्याला भेदक लक्षण म्हणतात त्याचेच कार्य येथे रंग करतो.

२. दोन अक्ष

आता मांडणीकडे वळू. सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत भाषिक घटकांचे दोन प्रकारचे संबंध सांगितले आहेत : एक, परस्परांच्या जागी येऊ शकणाऱ्या घटकांचा, दुसरा, एकामागून एक येणाऱ्या घटकांचा. रोमान याकोबसन याने १९५६ साली हेच तत्त्व निवडीचा अक्ष व जोडणीचा अक्ष या रूपाने मांडले. ट्रॉली लावण्याच्या ज्या दोन पद्धती प्रत्यक्षात आढळतात त्या नेमक्या या दोन अक्षांवरच्या आहेत.

पहिल्या पद्धतीत सजातीय वस्तू एकत्र येतात : सर्व पाने एका खणात, सर्व पकडी दुसऱ्यात, सर्व पेचकस तिसऱ्यात. दुसऱ्या पद्धतीत एका कामाला लागणाऱ्या वस्तू एकत्र येतात. डिस्क ब्रेकच्या कामास चाकाच्या नटांची गोटी, कॅलिपरच्या बोल्टची गोटी, पिस्टन मागे दाबण्याचा शिकंजा, तारेचा ब्रश, ब्रेकमधील हवा काढण्याचा लहान रिंग पाना आणि अखेरीस टॉर्क रेंच लागतो. या वस्तूंत जातिसाम्य मुळीच नाही. त्या वाक्यातील पदांप्रमाणे क्रमाने येतात.

निवडीच्या अक्षावरची मांडणी शिकण्यास सोपी व तपासण्यास सोयीची असते, परंतु एका कामासाठी पाच खण उघडावे लागतात. जोडणीच्या अक्षावरची मांडणी कामास वेगवान असते; मात्र नेहमीपेक्षा निराळे काम आले की ती मुकी होते. संस्कृत कोशपरंपरेस हा पेच परिचित होता. अमरकोशात शब्द विषयवार वर्गांत लावले आहेत, परंतु तिसऱ्या कांडातील नानार्थवर्गात अनेकार्थी शब्द अंत्य व्यंजनाच्या क्रमाने येतात. एकाच ग्रंथात दोन तत्त्वे नांदतात, कारण वाचकाच्या गरजाही दोन आहेत. अनुभवी मेकॅनिक तेच करतो. खणांची मुख्य रचना तो जातिवार ठेवतो आणि एखाददुसरा खण नित्याच्या कामासाठी राखतो.

येथेच गोटी-दांड्याच्या योजनेचे महत्त्व ध्यानात येते. पूर्वी गोटी व दांडा अखंड असत. अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९२० साली जोसेफ जॉन्सन व विल्यम सायडमन यांनी 'स्नॅप-ऑन' हा उद्योग सुरू केला तो ५ दांडे व १० गोट्या परस्परांत बसविता येतात या कल्पनेवर. पंधरा वस्तूंतून पन्नास हत्यारे सिद्ध झाली. प्रकृती व प्रत्यय यांच्या संयोगाने थोडक्या घटकांतून विपुल रूपे साधावीत, तसाच हा प्रकार होय. अर्थात याचा एक परिणाम मांडणीवर होतो : दांडा व त्याच्या गोट्या एकाच खणात हव्यात. तीन सुतांचा दांडा वरच्या खणात आणि त्याच्या गोट्या तळाशी असतील तर प्रकृतिप्रत्ययांचा संयोग वेळखाऊ होतो.

३. वारंवारता, वजन आणि अंतर

हार्व्हर्ड विद्यापीठातील भाषाभ्यासक जॉर्ज किंग्जली झिप्फ याने १९४९ च्या आपल्या ग्रंथात शब्दांच्या वारंवारतेचे विवेचन करताना कारागिराच्या मेजावरील हत्यारांचाच दाखला घेतला आहे. प्रत्येक हत्यार किती वेळा लागते, त्याचे वजन किती आणि ते किती दूर आहे, या तीन राशींच्या गुणाकारांची बेरीज कमीत कमी व्हावी, असा त्याच्या विवेचनाचा इत्यर्थ आहे. ज्या हत्याराची वारंवारता व वजन यांचा गुणाकार मोठा, ते कारागिराच्या अधिक निकट असावे.

वारंवारता मोटारीतही अत्यंत विषम असते. जपानी पद्धतीच्या वाहनांत १०, १२, १४ व १७ ही मापे पुनःपुन्हा येतात. ११, १५ वा १६ ची पाळी क्वचित येते. जर्मन पद्धतीत ८ मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचे डोके १३ चे असते, जपानी पद्धतीत बहुधा १२ चे. तेव्हा कोणता पाना जवळ ठेवावा हे संचाच्या क्रमावरून ठरत नाही, तर दारात कोणत्या गाड्या येतात यावरून ठरते.

परंतु झिप्फचे सूत्र ट्रॉलीस जसेच्या तसे लावता येत नाही. मेज उलटत नाही, ट्रॉली उलटते. जड हातोडे, मोठे पाने व ओढपट्ट्या वरच्या खणांत ठेवून तो खण पुरा ओढला, की गुरुत्वमध्य पुढे सरकतो, आणि लोखंडाने भरलेली गाडी माणसाच्या अंगावर येऊ शकते. म्हणून जड वस्तू तळाशीच हव्यात, मग त्या कितीही वेळा लागोत. आणि एका वेळी एकच खण उघडावा. चांगल्या ट्रॉलीत एक खण उघडा असता दुसरा उघडू न देणारी कळ असते ती याचसाठी. सारांश, श्रमबचतीच्या तत्त्वावर सुरक्षिततेच्या तत्त्वाची मर्यादा पडते. भाषेतही उच्चारसौकर्यास अर्थभेदाची मर्यादा पडतेच.

काही वस्तू वारंवारता वा वजन यांच्या हिशेबात बसत नाहीत. त्यांना शेजार जपावा लागतो. मापनाची साधने हातोड्यांच्या खणात ठेवू नयेत. कानशी एकमेकींवर घासल्या की त्यांचे दात जातात. स्प्रिंगचा टॉर्क रेंच काम संपताच त्याच्या सर्वांत खालच्या मापावर आणून स्वतःच्या पेटीत ठेवावा, अन्यथा स्प्रिंगवर ताण राहून त्याचे माप बिघडते. विजेवर चालणाऱ्या वाहनांसाठी १,००० व्होल्टपर्यंतची निरोधक हत्यारे लागतात. त्यांच्या आवरणास एखाद्या धारदार कडेने चीर पडली तर हत्यार दिसते तसेच, पण संरक्षण उरत नाही. त्यांना निराळा खण देणे ही चैन नव्हे.

४. एक वस्तू, दोन स्थाने

सर्व विचार करूनही काही वस्तू दोन ठिकाणी हव्याशा वाटतात. दहाची गोटी ही तिच्या मालिकेत नववी व अकरावी यांच्यामध्ये असावी, आणि नित्याच्या कामाच्या खणातही असावी. वर्गीकरणाचा हा जुनाच पेच आहे. पाणिनीय परंपरेतील चौदा शिवसूत्रांत वर्णांचा क्रम असा लावला आहे की व्याकरणास लागणारे वर्णांचे गट सलग यावेत आणि दोन अक्षरांच्या प्रत्याहाराने त्यांचा निर्देश करता यावा. एकाच रेषेवर सर्व गट सलग आणणे साधले नाही, म्हणून 'ह' हा वर्ण दोनदा आला आहे : एकदा पाचव्या सूत्रात आणि पुन्हा चौदाव्यात. जेथे एक अक्षरही अधिक खर्चायचे नाही असा बाणा, तेथे ही पुनरुक्ती पत्करली गेली, हे लक्षणीय आहे.

मेकॅनिकने दहाच्या दोन गोट्या घ्याव्यात, हा त्याचा व्यावहारिक अनुवाद होय. मात्र पुनरुक्ती जेथे अटळ आहे तेथेच करावी. प्रत्येक वस्तू दोनदा ठेवणारी ट्रॉली ही वर्गीकरण टाळणारी ट्रॉली होय.

५. रिकामी जागा

मांडणीचा सर्वांत मोठा लाभ हत्यार सापडण्यात नसून हत्यार हरवल्याचे कळण्यात आहे. खणात दुरंगी फोमचा थर घालून त्यात प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच कापतात. वरचा रंग काळा, खालचा भडक. हत्यार उचलले की त्याचा आकार भडक रंगात उमटतो. संध्याकाळी खण उघडताच कोणते हत्यार परत आलेले नाही हे वाचता येते. विमानांच्या देखभालीत ही मोजणी सक्तीची मानली जाते. हत्यारांचा हिशेब जुळल्याखेरीज विमान सोडीत नाहीत. मोटारीतही विसरलेला पाना पंख्याच्या पट्ट्यात जाऊ शकतो, किंवा बॅटरीच्या दोन टोकांवर पडून ठिणग्या पाडू शकतो.

पाणिनीने लोपाची व्याख्या 'न दिसणे' या अर्थाची केली आहे. लोप म्हणजे केवळ नसणे नव्हे. जेथे काही असावयास हवे ते स्थान आधी निश्चित असेल, तरच तेथील अभावाला अर्थ प्राप्त होतो. हत्यारे ज्यात ढिगाने पडली आहेत अशा खणात काहीच 'लुप्त' होऊ शकत नाही. तेथे वस्तू नुसत्या नाहीशा होतात.

६. मांडणी कोणाची?

शेवटचा प्रश्न समाइकतेचा. एखाद्या मिस्त्रीस आपल्या विस्कळीत ट्रॉलीतूनही अंधारात हवा तो पाना काढता येतो. ही त्याची स्मृती होय, मांडणी नव्हे. तो रजेवर गेला की ती ट्रॉली इतरांना वाचता येत नाही. हत्यारे आणून देता देता काम शिकणारा हेल्पर मात्र मांडणीतूनच शिकतो. 'बारा-तेरा' हे 'दहा-अकरा' व 'चौदा-पंधरा' यांच्यामध्ये असते, हे त्याला कोणी सांगत नाही; खण सांगतो. काही आठवड्यांत बोल्टचे डोके पाहून त्याचा हात योग्य खाचेकडे जाऊ लागतो. नाव, माप व जागा यांची ही सांगड म्हणजे त्या व्यवसायाची पहिली भाषा.

मराठीतील व्यवसायशब्द गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांना यातून एक गोष्ट घेता येईल. कारखान्यातील शब्द वहीत उतरवून अकारविल्हे लावले, तर पक्कड, पाना व पेचकस शेजारी येतात, पण त्यांचे व्यवहारातील संबंध पुसले जातात. शब्दाबरोबर वस्तूचा खण, तिचे शेजारी आणि ती कोणत्या कामात कशानंतर उचलली जाते, एवढी नोंद केली, तर संग्रहात केवळ शब्द न राहता त्यांची रचनाही राहील. खण लावताना मेकॅनिकने ते वर्गीकरण आधीच केलेले असते. अभ्यासकाने तो खण रिकामा करण्यापूर्वी नीट पाहावा.