गाळावरील पापुद्रा आणि इशाऱ्याची भाषा

गोठलेल्या सरोवराच्या पृष्ठभागास भोक पाडून मासे धरण्याचा उद्योग फिनलंड, कॅनडा व उत्तर अमेरिकेतील सरोवरांच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या उद्योगाभोवती जे नियम रूढ झाले आहेत ते वरवर पाहता दोन प्रकारचे दिसतात : काही जीव वाचविण्याचे, काही शेजाऱ्याशी नीट वागण्याचे. चार इंचांहून, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटरहून, कमी जाडीच्या बर्फावर पायी जाऊ नये, हा पहिल्या प्रकारचा नियम. आधी बसलेल्या माणसाच्या अगदी लगत आपले भोक पाडू नये, हा दुसऱ्या प्रकारचा. परंतु निघून जाताना आपण पाडलेल्या भोकाशी एखादी फांदी रोवून ठेवावी, हा नियम कोणत्या वर्गात घालावयाचा? भोकावर रातोरात पातळ पापुद्रा धरतो, त्यावर हिम भुरभुरते, आणि दुसऱ्या दिवशी येणाऱ्यास तेथे काही होते याचा मागमूसही लागत नाही. येथे सौजन्य आणि सुरक्षितता यांत भेद करता येत नाही. फिनिश भाषेत अशा भोकाला ‘अवान्तो’ हा स्वतंत्र शब्द आहे. मराठीला त्याची गरज कधी पडली नाही. (फ्रान्झ बोआस याने 1911 मध्ये एस्किमो भाषेतील हिमवाचक चार मूळ शब्द नोंदविले आणि पुढील लेखकांनी ती संख्या मन मानेल तशी फुगविली, ही कथा भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांस परिचित आहेच. शब्द मोजण्यापेक्षा ते कोण कोणास व केव्हा सांगतो हे पाहणे अधिक उपयोगाचे.)

बालाघाटच्या पठारावरील नेकनूर आणि बीड जिल्ह्यातील त्याच्या आसपासची गावे यांना गोठणारे पाणी ठाऊक नाही. आटणारे पाणी मात्र पुरेपूर ठाऊक आहे. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरण 2016 च्या उन्हाळ्यात इतके आटले होते की त्यावर विसंबून असलेल्या लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. लहान तलावांची अशी स्थिती होण्यास एवढा मोठा दुष्काळही लागत नाही. चैत्र-वैशाखात पाणी मधल्या डबक्यापुरते उरते, मासे तेथे गोळा होतात, आणि एरवी जाळ्याला हात न लावणारी माणसेही मासे धरावयास निघतात. काठापासून डबक्यापर्यंतची वाट गाळावरून जाते. हा गाळ, बर्फाप्रमाणेच, वरून खाली घट्ट होत जातो. काळ्या मातीचे बारीक कण पाणी सोडताना आकुंचन पावतात, पृष्ठभागास भेगा पडतात, वरचा थर फिकट व टणक होतो. खाली मात्र ओल टिकून राहते. भेगा दिसल्या म्हणजे जमीन वाळली, असा समज शेतातील अनुभवावरून होतो. शेतात तो खराही असतो. तलावाच्या तळाशी तो घातक ठरतो.

मराठीने हा धोका एका क्रियापदात नेमका साठविला आहे. ‘बुडणे’ पाण्यात घडते. ‘रुतणे’ पायाचे किंवा चाकाचे असते. परंतु ‘गाडी गाळात फसली’ असे म्हटले की अडकणे आणि फसवले जाणे हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. जमिनीने कोरडेपणाचे सोंग घेतले होते, हे त्या एका शब्दाने सांगून टाकले. ‘ठाव’ या शब्दाचेही तसेच. मूळ अर्थ स्थान, जागा. पाण्याच्या संदर्भात पाय टेकेल असा तळ. गाळात ठाव लागल्यासारखा वाटतो आणि लागत नाही.

जाणकार माणूस अनोळख्यास सावध करतो ते कसे? ‘पाव्हणं, तिकडून नका जाऊ, पाय रुतंल.’ या छोट्या वाक्यात तीन गोष्टी आहेत : नाते जोडणारे संबोधन, नकार, आणि भविष्यकाळी क्रियापदाने सांगितलेले कारण. मराठीत इशाऱ्याचे खरे रूप आज्ञार्थ नसून भविष्यकाळ होय. धावणाऱ्या मुलास आई ‘पडशील!’ असेच ओरडते. आता याशेजारी ‘जलाशयात उतरण्यास सक्त मनाई आहे’ हा सरकारी फलक ठेवून पाहावा. त्यात संबोधन नाही, कारण नाही, आणि क्रिया कोण करणार त्याचा उल्लेखही नाही. जे. एल. ऑस्टिन यांच्या 1962 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विवेचनाच्या आधारे बोलावयाचे तर तो मनाई करतो, इशारा देत नाही. शिवाय आटलेल्या तलावात माणूस ‘जलाशयात उतरत’ नाही. तो जमिनीवरून चालत असतो. मनाई त्याला लागूच होत नाही, असे त्यास प्रामाणिकपणे वाटते.

गाळात फसलेल्याने पाय सरळ वर ओढू नयेत. मागे रेलून अंग पसरावे, भार विभागावा आणि पाय हळूहळू सोडवून आल्या वाटेने सरपटत परतावे. पातळ बर्फ फुटल्यावरही बाहेर येण्याची रीत याच जातीची आहे. सोडविणाऱ्याने उभ्याने जवळ जाऊ नये. दोर, फळी, निदान धोतर फेकावे.

डबक्याशी पोहोचल्यावर प्रश्न दुसऱ्यांचा येतो. तेच पाणी गुरांचे असते. तळ ढवळून मासे वर आणले की संध्याकाळी गुरे त्या पाण्याला तोंड लावीत नाहीत. तुटलेले गळ व नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे काठी सोडले, तर ते अनवाणी पायात आणि खुरात जातात. अनेक जलाशयांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो; कटला, रोहू, मृगळ यांचे बीज त्यांनी पैसे घालून सोडलेले असते. तेव्हा बाहेरच्याने गळ टाकण्यापूर्वी विचारणे ही केवळ रीत नव्हे. विष व स्फोटके वापरणे तर 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच गुन्हा ठरविले आहे.

2017 पासून राज्यात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राबविली जात आहे. गाळ शेतात गेला, हे चांगलेच झाले. पण यंत्राने गाळ काढताना तळाशी उभ्या कडांचे खड्डे राहिले, तर पहिल्या पावसात ते भरतात आणि सगळे पाणी एकाच पातळीचे दिसू लागते. घोट्याएवढ्या पाण्यातून चालणाऱ्याचे पुढचे पाऊल पुरुषभर खोलीत पडू शकते. खड्डा कोठे आहे हे ज्याने खणला त्यालाच ठाऊक असते, आणि तो मृगापूर्वी निघून गेलेला असतो. खड्ड्याच्या कडा उतरत्या करून जाणे त्याला अर्ध्या दिवसाचे काम. ते न जमल्यास पाण्याच्या वर राहील अशी उंच काठी रोवून तिला फडके बांधणे काही मिनिटांचे. फलक लावावयाचाच असेल, तर त्यावर ‘येथे खड्डा आहे, बुडाल’ असे लिहावे.