बॅम्बी
बॅम्बी : हरणाच्या पाडसाचा जन्मापासून प्रौढत्वापर्यंतचा प्रवास चित्रित करणारी जर्मन कादंबरी. ऑस्ट्रियन लेखक फेलिक्स झाल्टेन (१८६९–१९४५) हा तिचा कर्ता. १९२२ मध्ये व्हिएन्नातील नॉये फ्राये प्रेसे ह्या दैनिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली व नंतर ग्रंथरूपाने निघाली. मूळ शीर्षकाचा अर्थ ‘बॅम्बी : अरण्यातील एक जीवनकथा’ असा आहे.

बॅम्बी हे यूरोपातील लहान चणीच्या ‘रो’ जातीच्या हरणाचे पाडस. झाडीतून मोकळ्या कुरणात पाऊल टाकण्यापूर्वी थांबावे, कानोसा घ्यावा, हा त्याचा पहिला धडा. अरण्यातील प्राणी माणसाला केवळ ‘तो’ म्हणून ओळखतात व बंदुकीला त्याचा तिसरा हात समजतात. हिवाळ्यातील मोठ्या शिकारीनंतर बॅम्बीला आई पुन्हा कधीच दिसत नाही. त्याच शिकारीत त्याचा मावसभाऊ गोबो माणसाच्या हाती सापडतो. तो गळ्यात पट्टा घालून परततो, तेव्हा माणूस आपला मित्र आहे अशी त्याची खात्री झालेली असते. ह्या विश्वासापायीच तो भर दिवसा कुरणात जातो व गोळीला बळी पडतो. उलट, एका वृद्ध नराच्या सहवासात बॅम्बी एकटे राहण्यास शिकतो. शेवटी हा वृद्ध त्याला गोळी लागून मेलेल्या एका चोरट्या शिकाऱ्याचे प्रेत दाखवितो. माणूसही मर्त्य आहे, ह्या जाणिवेने बॅम्बीची भीती ओसरते व त्याला प्रौढत्व येते. अखेरीस आईसाठी रडणाऱ्या दोन पाडसांना, वृद्धाने पूर्वी आपल्याला विचारलेलाच प्रश्न तो विचारतो : तुम्हाला एकटे राहता येत नाही का?

बालसाहित्यातील बहुतेक प्राणिकथांत साहसानंतर नायक घरी परततो. येथे असे परतणे नाही. मोठे होणे म्हणजे सावधपणा व एकाकीपणा पत्करणे, असे ही कादंबरी सुचविते. प्राणी माणसांप्रमाणे बोलत असले, तरी ऋतुचक्र, भूक आणि मृत्यू ह्यांची वर्णने वास्तव आहेत. झाल्टेन स्वतः शिकारी होता. तो ज्यू असल्यामुळे काही समीक्षकांनी ह्या कथेत छळल्या जाणाऱ्या समाजाचे रूपकही पाहिले आहे. नाझी जर्मनीत तिच्यावर बंदी आली. १९३९ मध्ये झाल्टेनने स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घेतला. झुरिक येथे तो निधन पावला.

व्हिटकर चेंबर्सकृत इंग्रजी अनुवाद १९२८ मध्ये निघाला. वॉल्ट डिझ्नीच्या व्यंगपटामुळे (१९४२) बॅम्बी जगभरच्या मुलांना परिचित झाला. मात्र त्यातील थंपर हा ससा मूळ कादंबरीत नाही, गोबोची कथा चित्रपटात नाही. मूळ कृती मुख्यतः प्रौढांसाठी होती, ह्याचा त्यामुळे पुष्कळांना विसर पडला.