न दिसणाऱ्या ताऱ्याचा ठोका भागाकाराने कसा सापडतो?

बायनरी म्हटलं की आम्हा इंजिनिअर लोकांना 0 आणि 1 आठवतात. आकाशातली बायनरी म्हणजे जोडतारा. त्यातला एक मरून न्यूट्रॉन तारा झाला, की तो जोडीदाराचा वायू ओढू लागतो. वजन सूर्यापेक्षा जास्त, पण रुंदी नाशिक-त्र्यंबकेश्वर अंतरात मावेल इतकी. त्यावर कोसळताना वायू प्रचंड तापतो आणि एक्स-रे सोडतो.

असे तारे शोधायला छोटा मॅगेलनिक मेघ भारी जागा आहे. सुमारे 2 लाख प्रकाशवर्षांवरची ही बटू दीर्घिका. तिथे साधारण 4 कोटी वर्षांपूर्वी ढिगाने तारे जन्मले. म्हणून आकाराने आपल्या आकाशगंगेपेक्षा कितीतरी लहान असूनही तिथे असे शंभरावर जोडतारे सापडलेत. सगळे जवळपास सारख्याच अंतरावर, त्यामुळे कोण किती तेजस्वी हे नीट ठरवता येतं. (गच्चीवर जाऊ नका! नाशिकहून हा मेघ क्षितिजावर येतच नाही.)

एक्स-रे वातावरणात अडतात, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. आपला अॅस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 ला गेला. त्यावरचं लॅक्सपीसी उपकरण मुंबईच्या टीआयएफआरने बनवलं. ते फोटो काढत नाही. प्रत्येक एक्स-रे कण कधी आला, ती वेळ 10 मायक्रोसेकंदांपर्यंत नोंदवतं.

नोव्हेंबर 2019 मध्ये या मेघाच्या कडेचा आरएक्स जे0209.6-7427 हा जोडतारा 26 वर्षांनी भडकला. तारा स्वतःभोवती फिरताना त्याचे तापलेले ध्रुव आपल्यासमोरून जातात, पण एकेका फेरीचा सिग्नल गोंगाटात हरवू शकतो. मग काय करायचं?

समजा सीबीएसबाहेर उभे राहून तुम्ही फक्त माणसं बाहेर पडल्याच्या वेळा लिहिल्या. बस दर 20 मिनिटांनी येत असेल, तर वेळांना 20 ने भागल्यावर बाक्या एकाच आकड्याजवळ गोळा होतील. कोडमधला साधा मॉड्युलो! इथे 9.3 सेकंदांनी भागल्यावर असाच उंचवटा आला.

मुंबई-पुण्याच्या संशोधकांनी अॅस्ट्रोसॅटच्या डेटात हा ठोका एक्स-रेच्या रुंद पट्ट्यात दाखवला. तेज इतकं होतं, की प्रकाशाच्या दाबानेच पडणारा वायू मागे ढकलला जायला हवा होता. तरी तो पडतच होता. कसा? बहुधा चुंबकीय क्षेत्र त्याला ध्रुवांकडे वळवतं. वाद अजून चालू आहे.

अॅस्ट्रोसॅटचा संग्रह 2018 पासून इस्रोच्या आयएसएसडीसी पोर्टलवर खुला आहे. फाइल्स मोठ्या आहेत, मोबाइलवर जमणार नाही, लॅपटॉप घ्या. आणि एकदा मुद्दाम 9.1 ने भागून बघा. उंचवटा गायब.