बालवयातील दातृत्वाचे संस्कार : मुष्टिफंडाच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक :
हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे परिचित आहे. धरणाचे पाणी सर्वच शिवारांना पोहोचत नाही. मराठवाड्यातील अनेक भूमिहीन व अल्पभूधारक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी पाच-सहा महिने स्थलांतर करतात. मुले आजी-आजोबांकडे राहतात किंवा आईवडिलांबरोबर फडावर जातात. अशा प्रदेशातील प्राथमिक शाळेत गरजू कुटुंब म्हणजे पाठ्यपुस्तकातील उदाहरण नसते, ते शेजारी बसणाऱ्या मित्राचे घर असते. त्यामुळे मुलांना देण्याचा संस्कार करताना देणारा मोठा व घेणारा लहान, असा भलताच धडा गिरवला जाण्याचा धोका संभवतो.

साहाय्याची प्रवृत्ती मुलांत मुळातच असते. वॉर्नेकेन व टोमासेलो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अठरा महिन्यांची मुले अनोळखी व्यक्तीच्या हातून पडलेली वस्तू कोणी न सांगता उचलून देताना आढळली. त्यांच्याच २००८ मधील अभ्यासात, मदतीबद्दल खेळणे बक्षीस मिळालेली मुले पुढे इतरांपेक्षा कमी मदत करू लागली. वह्यावाटपानंतर दात्या विद्यार्थ्यांना प्रशस्तिपत्रे देण्याच्या प्रथेचा या दृष्टीने फेरविचार व्हावयास हवा. घेणाऱ्या मुलाचे छायाचित्र काढणे तर सर्वथैव त्याज्य होय.

मुष्टिफंडाचा दाखला :
कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये सातारा येथे सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात विविध जातिधर्मांची मुले एकत्र राहत व जेवत; १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव देण्यात आले. मुष्टिफंड ही याच कार्यातील योजना. घरोघरी स्वयंपाकाच्या धान्यातून मूठभर धान्य बाजूला ठेवावयाचे व ते गरीब विद्यार्थ्यांसाठी गोळा करावयाचे, इतके तिचे साधे स्वरूप होते.

तिचे शैक्षणिक मोल मात्र साधे नाही. देणे हा समारंभ न राहता घरातील नित्याचे काम होते व मूल ते आईच्या हातून घडताना पाहते. मूठ हे माप गरिबालाही परवडते; म्हणजे देण्याचा मान केवळ सधनांकडे राहत नाही. आणि पोत्यात पडलेली मूठ कोणाची, हे नंतर ओळखता येत नाही. याउलट वार लावून जेवण्याच्या जुन्या पद्धतीत गरीब विद्यार्थ्याला दररोज वेगळ्या उंबरठ्यावर उभे राहावे लागे. त्या व्यवस्थेने अनेकांचे शिक्षण झाले, हे खरे. तरी त्या घरातील मुले नेमके काय शिकत असतील, हा प्रश्न उरतोच.

याच जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची आख्यायिका भूतदयेची कथा म्हणून सांगितली जाते. तीत धावतो तो देणारा, ही बाब लहान मुलांना सहज उमगते.

वर्गातील उपयोजन :
पहिली ते चौथीच्या वर्गात एक मडके ठेवून इच्छेनुसार मूठभर ज्वारी वा डाळ त्यात टाकण्याचा उपक्रम योजता येईल. मडके बंद तोंडाचे असावे. कोणी किती टाकले, याची नोंद नसावी. ज्या घरी धान्य जावयाचे, तेथील मुलालाही मूठ टाकण्याची संधी हवी. एखाद्या दिवशी त्याने चिंचेची बुटुके आणली, तरी ती स्वीकारावीत. धान्य शिक्षक किंवा अंगणवाडी सेविकेने शाळेच्या वेळेनंतर थेट पालकांच्या हाती द्यावे, मुलाच्या दप्तरातून पाठवू नये. शालेय पोषण आहार व मोफत पाठ्यपुस्तके या उपक्रमात मिसळू नयेत. ती विद्यार्थ्याच्या हक्काची आहेत. त्यांचे वाटप करताना ‘मदत’ हा शब्द शिक्षकाने कटाक्षाने टाळावा.